गाळातले तंतू मोजण्याआधी कोरा फिल्टर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान तुकडे आणि तंतू, शोधण्यासाठी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या वाळू-चिखलाचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळले, वर आलेलं गाळलं आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर बहुतेक सगळे निळे-काळे तंतूच दिसले. गाळ न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीतही तसेच तंतू निघाले. मग पद्धत बदलायची की चांगलं यंत्र शोधायचं? आणि हे तंतू प्लास्टिकचेच आहेत हे ठरवायचं कसं?

यंत्राचा विचार आत्ता बाजूला ठेवा. कोऱ्या चाचणीत तंतू दिसले हे तुम्ही लपवलं नाही, हीच या कामाची खरी सुरुवात आहे. अनेक वर्षं गाळाचे नमुने हाताळून माझं एक मत पक्कं झालं आहे. तंतू म्हणजे बारीक, लांबट कण असं समजून आपण त्याला कणांच्या पद्धतीत कोंबतो, आणि तिथंच गणित चुकतं. चाळणीत, द्रावणात, फिल्टरवर, वर्णपटमापकाखाली (म्हणजे प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राखाली) तंतू कणापेक्षा वेगळा वागतो. शिवाय प्लास्टिकचा तुकडा हवेतून उडत तुमच्या बीकरमध्ये सहसा पडत नाही, तंतू मात्र रोज पडतो.

मिठाची पद्धत आली कुठून हे आधी सांगते, कारण तिच्या मर्यादा तिच्या जन्मातच आहेत. २००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या प्लिमथच्या आसपासच्या किनाऱ्यांवरच्या गाळातून सूक्ष्म प्लास्टिक वेगळं करून दाखवलं. त्यासाठी त्यांनी मिठाचं संपृक्त द्रावण वापरलं आणि ओळख एफटीआयआर या अवरक्त वर्णपटमापकावर पटवली. मीठ स्वस्त, निरुपद्रवी आणि कुठंही मिळणारं, म्हणून ती पद्धत जगभर पसरली. पण या द्रावणाची घनता घन सेंटिमीटरला १.२ ग्रॅमच्या आसपासच थांबते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तर साध्या पाण्यावरही तरंगतात. नायलॉन १.१४ आणि ॲक्रिलिक १.१७ च्या आसपास, म्हणजे जेमतेम वर येतील असे. कपड्यांतून सुटणाऱ्या कृत्रिम तंतूंत सर्वांत जास्त आढळणाऱ्या पॉलिएस्टरची घनता मात्र १.३८. नियमानं तो मिठाच्या पाण्यात बुडायला हवा.

तरीही तुम्हाला वर आलेल्या भागात पॉलिएस्टर मिळाला असेल. याचं कारण असं की पंधरा मायक्रॉन जाडीचा तंतू त्या दाट पाण्यात इतका सावकाश बुडतो की बीकरभर उंची उतरायला त्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. त्यातच हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तर तो वरच राहतो. त्यामुळे तुम्ही दहा मिनिटांनी वरचं पाणी ओतून घेतलंत तर पॉलिएस्टर हाती येतो, आणि चिखल बसावा म्हणून रात्रभर ठेवलंत तर तोच तंतू चिखलाबरोबर तळाशी जातो. तुमच्या गटातल्या दोघांनी एकाच नमुन्यावर वेगवेगळे आकडे आणले असतील तर आधी त्यांनी किती वेळ थांबून ओतलं ते विचारा. एखादी पद्धत पॉलिएस्टर अजिबात पकडत नाही, हे एकवेळ चालेल, तसं लिहून टाकता येतं. कधी पकडते कधी सोडते, हे जास्त घातक.

म्हणून तंतू हवे असतील तर द्रावणाची घनता निदान १.५ हवी. झिंक क्लोराइडनं ती सहज गाठता येते, आणि १.५ ला पॉलिएस्टर व पीव्हीसी दोन्ही वर येतात. १.७ किंवा १.८ पर्यंत नेण्याचा मोह टाळा. जास्त घनतेला खनिजांची बारीक भुकटी आणि सेंद्रिय गाळाचे पुंजके वर येतात आणि फिल्टर पाहण्याजोगा राहत नाही. क्वार्ट्झची घनता २.६५ असते, त्यामुळे वाळूची भीती नाही, त्रास चिखलाचाच.

झिंक क्लोराइड वापरताना थोडं जपून. पाण्यात विरघळताना ते तापतं, द्रावण आम्लधर्मी असतं, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ते जलचरांना विषारी असल्यामुळे बेसिनमध्ये ओतायचं नाही. गाळून परत वापरा. गाळात शिंपल्यांचा चुरा बराच असेल तर आम्लामुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि फेसाबरोबर वाळूही वर येते. अशा गाळासाठी सोडियम आयोडाइड बरं, फक्त ते महाग असतं आणि सेल्युलोजच्या फिल्टरला काळपट करतं, त्यावर मग काळा तंतू शोधणं आलं. दोन्ही द्रावणांसाठी काचतंतूचा फिल्टरच घ्या. प्रत्येक पुनर्वापरानंतर घनता तपासायला वेगळं साधन लागत नाही: दहा मिलिलिटरची मोजकुपी रिकामी तोला, द्रावण भरून खुणेपर्यंत आणा, पुन्हा तोला. फरक पंधरा ग्रॅमच्या खाली गेला की द्रावण पातळ झालं. ओल्या गाळातलं पाणी मिसळून ते प्रत्येक खेपेला पातळ होतंच.

आता चाळणी. ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहील ते ३०० मायक्रॉनहून मोठं, हे तुकड्यांबाबत खरं आहे. दोन मिलिमीटर लांबीचा तंतू मात्र उभा झाला की त्याच भोकातून सुईसारखा निघून जातो, आडवा राहिला तर अडकतो. तो कसा पडेल ते पाण्याच्या धारेवर ठरतं. म्हणून चाळण्यांवरून तंतूंचे आकारगट पाडू नका. मोठे दगड-शिंपले काढायला ५ मिलिमीटरची चाळणी वापरा, बाकी सगळं एकाच फिल्टरवर घ्या आणि तंतूची लांबी मायक्रोस्कोपखाली मोजा. (सूक्ष्म प्लास्टिकची ही ५ मिलिमीटरची मर्यादासुद्धा निसर्गानं आखलेली नाही. २००८ साली अमेरिकेत टाकोमा इथं झालेल्या एका कार्यशाळेत ती सोयीसाठी ठरली आणि तीच रूढ झाली.)

नमुना सुकवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुतेक जण तंतू इथंच गमावतात. चिखल भट्टीत सुकवला की त्याची ढेकळं होतात, ती खलात कुटली की ठिसूळ तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि तंतू ढेकळात अडकून राहतात. मी ओला नमुनाच वापरते. त्यातला एक छोटा भाग वेगळा काढून, सुकवून पाण्याचं प्रमाण काढायचं आणि शेवटचा आकडा सुक्या वजनाच्या किलोमागे द्यायचा. चिखल फारच चिकट असेल तर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या गाळलेल्या द्रावणात रात्रभर हलवत ठेवला की कण सुटे होतात.

सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं. त्यात लोहाचं द्रावण घातलं, म्हणजे फेंटनची प्रक्रिया केली, तर काम लवकर होतं. पण ती उकळी फुटल्यासारखी उसळते आणि तापमान झपाट्यानं चढतं, म्हणून बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवून थोडं थोडं घाला आणि ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तीव्र आम्ल नायलॉनला खातं, गरम तीव्र अल्कली पॉलिएस्टरला खातं. जैविक ऊती विरघळवण्याच्या कृती जशाच्या तशा गाळाला लावल्या तर तुम्ही जे शोधताय तेच विरघळवून बसाल. आणि यातल्या कशानंच कापूस पूर्ण जात नाही, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

आता कोऱ्या चाचणीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. आमच्याकडे एकदा काही आठवडे ठराविक दिवशीच कोऱ्या फिल्टरवर एकाच छटेचे गडद निळे तंतू येत होते. पाणी बदललं, मीठ बदललं, फिल्टर बदलले, काही फरक पडेना. शेवटी टेबल पुसायचं फडकं मायक्रोस्कोपखाली ठेवलं. तीच निळी छटा, तीच जाडी. स्वच्छतेसाठी आम्ही रोज सकाळी टेबलावर तंतू पसरवत होतो! त्या काळातल्या सगळ्या नमुन्यांमधले तसे निळे तंतू मोजणीतून वगळावे लागले. तेव्हापासून टेबल गाळलेल्या पाण्यानं आणि पांढऱ्या, ओल्या, धागे न सुटणाऱ्या कागदानं पुसतो. प्रयोगशाळेतले सुती कोट मुद्दाम भडक केशरी रंगवून घेतले आहेत, फिल्टरवर केशरी तंतू दिसला की तो आमचाच.

हे सगळं तुम्हाला फारशा खर्चाशिवाय करता येईल. जे जे द्रव नमुन्याला लागतं ते सगळं वापरण्याआधी गाळा: पाणी, पेरॉक्साइड, मिठाचं किंवा झिंकचं द्रावण, सगळं. पुडीतल्या मिठातही तंतू असतात. काचेची भांडी तीनदा धुऊन लगेच ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यानं झाका. काचतंतूचे फिल्टर ४५० अंशांवर भाजून घ्या. वाऱ्याचा झोत येतो तिथं, पंख्याखाली, दाराजवळ काम करू नका. आणि नमुना उघडा असतो तेवढा वेळ शेजारी एका पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर उघडा ठेवा. तुम्ही मायक्रोस्कोपखाली तासभर मोजत बसता तेव्हाही हवेतून तंतू पडत असतात, ही गोष्ट सहज विसरली जाते.

खरी कोरी चाचणी याहून वेगळी. तिनं नमुन्याचा सगळा प्रवास करायला हवा: तीच बरणी, तेच चमचे, तेवढीच ढवळणी, तेवढाच थांबण्याचा वेळ, फक्त गाळ नाही. प्रत्येक तुकडीत किमान तीन. किनाऱ्यावर नमुना घेतानाही एक ओली डिश उघडी ठेवा आणि त्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्यांचे, दोरीचे, बादलीच्या कडीचे थोडे थोडे धागे पाकिटात घालून आणा. पुढे संशयित तंतूशी ताडून बघायला ते उपयोगी पडतात.

आकडे कसे वापरायचे ते एका उदाहरणानं सांगते. समजा तुमच्या तीन कोऱ्या चाचण्यांत ४, ६ आणि ५ तंतू निघाले. सरासरी ५, प्रमाण विचलन १. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की ८ येतात. ही तुमची शोधमर्यादा. नमुन्यात ७ तंतू निघाले तर "सात उणे पाच, म्हणजे दोन सापडले" असं लिहायचं नाही, "शोधमर्यादेच्या खाली" असं लिहायचं. २३ निघाले तर बोलता येतं. वजाबाकीही सरसकट नको. कोऱ्या फिल्टरवर निळे पॉलिएस्टर असतील तर नमुन्यातले निळे पॉलिएस्टरच वजा करा, लाल ॲक्रिलिकचा त्यात काही दोष नाही. हा हिशोब केल्यावर निम्मे नमुने "मर्यादेच्या खाली" जाऊ शकतात. जाऊ द्या. अशा वेळी उपाय एकच, एका वेळी जास्त गाळ घेणं: पन्नास ग्रॅमऐवजी पाचशे ग्रॅम घेतला की नमुन्यातला आकडा वाढतो, कोऱ्यातला जवळपास तेवढाच राहतो.

याच्या जोडीला वसुलीची चाचणी हवी. म्हणजे माहीत असलेले तंतू गाळात घालायचे आणि किती परत मिळतात ते पाहायचं. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे गोल मणी घालून बरेच जण नव्वद टक्क्यांच्या पुढची वसुली दाखवतात, पण मणी वसूल होतात म्हणून तंतूही होतील हे कशावरून? पॉलिएस्टरचा भडक रंगाचा धागा घ्या, ओला करून गोठवा, धारदार पात्यानं बारीक कापा. मायक्रोस्कोपखाली पन्नास तुकडे मोजून गाळात मिसळा आणि सगळी प्रक्रिया करा. गाळ तुमच्याच किनाऱ्याचा हवा. वाळू भट्टीत भाजून कोरी करता येते. चिखल भाजला तर त्याचा चिकटपणाच जातो, तो चिखल राहत नाही, म्हणून चिखलासाठी न भाजलेलाच वापरा आणि निसर्गात न दिसणारा रंग निवडा. बीकरच्या कडेला चिकटलेल्या तंतूंसाठी बीकर तीनदा धुवा. आमच्याकडे पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा हरवलेले बहुतेक तंतू बीकरच्या काचेवर, द्रवाच्या रेषेलगत सापडले होते.

नमुना कुठून घ्यायचा याबद्दल फार लिहीत नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरचा ५ सेंटिमीटर थर, एकमेकांपासून निदान ५ मीटर दूर असे पाच नमुने, ही चांगली सुरुवात आहे. भरतीरेषेवर तुकडे आणि गोळ्या जमतात, तंतू मात्र शांत पाण्याच्या, बारीक चिखलाच्या जागी बसतात. म्हणून दोन्ही पट्टे वेगळे घ्या आणि एकत्र सरासरी काढू नका.

आता ओळख. फिल्टरवरचा तंतू पुरेसा मोठा करून पाहिला की बऱ्याच गोष्टी कळतात. पॉलिएस्टर काचेच्या कांडीसारखा, टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचा, आणि चमक कमी करायला घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक ठिपके त्यात दिसतात. कापूस चपट्या फितीसारखा आणि स्वतःभोवती पिळलेला. लोकरीवर कौलांसारखे खवले. शैवालाच्या तंतूत पेशींच्या भिंती दिसतात. खरी अडचण व्हिस्कोसची, म्हणजे रेयॉनची. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो, पण कारखान्यातून येत असल्यामुळे एकसारख्या जाडीचा आणि चकचकीत रंगाचा असतो. "एकसारखी जाडी, एकसारखा रंग, पेशी नाहीत, म्हणजे प्लास्टिक" या नियमानं तो थेट प्लास्टिकच्या रकान्यात जातो.

इथं एक जुनं साधन सुचवते, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ते रोज वापरतात: ध्रुवित प्रकाश. मायक्रोस्कोपला दोन ध्रुवक लावून ते एकमेकांना काटकोनात ठेवले की पार्श्वभूमी काळी होते. तंतू तिरका ठेवला की पॉलिएस्टर इंद्रधनुषी कडांनी झळाळून उठतो, नायलॉनही ठळक रंग दाखवतो, ॲक्रिलिक मात्र जेमतेम करडा दिसतो. मायक्रोस्कोपचा नमुना ठेवायचा मंच फिरवत नेला तर पॉलिएस्टर ठराविक कोनात पूर्ण विझतो, कापूस पिळामुळे पूर्ण विझत नाही. हा अंतिम पुरावा नव्हे, पण वर्णपटमापकावर वेळ कमी असेल तर कुठले तंतू तिकडे न्यायचे हे ठरवायला याहून चांगलं काही नाही. गरम सुईही चालते: कृत्रिम तंतू वितळतो किंवा आक्रसतो, कापूस आणि व्हिस्कोस नुसते करपतात. पण सुई लावलेला तंतू पुन्हा तपासता येत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी. प्लास्टिकला चमकवणाऱ्या नाइल रेड या रंजकावर तंतूंसाठी विसंबू नका. गडद रंगाचा तंतू त्यात नीट चमकत नाही आणि नैसर्गिक चरबी, कायटिन मात्र चमकतात.

एफटीआयआरवर मिळेल तेवढ्या वेळात काय करायचं? प्रतिमा काढून सगळा फिल्टर आपोआप वाचणारी प्रणाली तंतूंबाबत फसते. तंतू वळलेला असतो, त्याचा काही भाग फोकसच्या बाहेर जातो आणि सॉफ्टवेअर एकाच तंतूचे तीन-चार तुकडे मोजतं. हाती वेळ थोडा असेल तर तंतू एकेक करून बारीक चिमट्यानं उचला, हिऱ्याच्या दोन काचांमध्ये दाबून चपटा करा आणि मग वाचा. पॉलिएस्टरमध्ये (आकडे तरंगसंख्येचे, दर सेंटिमीटरला) १७१५ च्या आसपास कार्बोनिलचं ठळक शिखर आणि १२४० ला दुसरं, नायलॉनमध्ये १६४० आणि १५४० ची जोडी, ॲक्रिलिकमध्ये २२४० चं एकटं, अरुंद शिखर, जे दुसऱ्या कुणाशी गोंधळत नाही. सेल्युलोजमध्ये ३३०० ला पसरट उंचवटा आणि १००० ते ११६० मध्ये डोंगररांग. माहीत असलेल्या वर्णपटांच्या संग्रहाशी ७० टक्के जुळलं की पुरे, असं मानून पुढे जाऊ नका. वर्णपट स्वतः डोळ्यांनी पाहा. लेसरच्या प्रकाशावर चालणारं रामन यंत्र याहून बारीक कण वाचतं, पण रंगवलेल्या तंतूत बऱ्याचदा रंगाचाच वर्णपट येतो, आतल्या बहुवारिकाचा, म्हणजे तंतूच्या मूळ प्लास्टिकचा, नाही.

सगळे तंतू वाचणं शक्य नसेल तर चिठ्ठ्या टाकून निवडा. रंगीत, उठून दिसणारे तंतू उचलण्याची हाताला सवय असते आणि पारदर्शक तंतू मागे राहतात. किती तंतूंपैकी किती वाचले, हे तक्त्यात लिहा.

सेल्युलोजच्या तंतूंचं काय करायचं, यावर मतभेद आहेत. २०१४ साली खोल समुद्राच्या गाळाच्या अभ्यासात एकूण तंतूंपैकी ५६.९ टक्के रेयॉन निघाला आणि तो मोजणीत धरला गेला. २०२० साली महासागरांच्या पृष्ठभागावरच्या तंतूंची वर्णपटानं छाननी झाली तेव्हा फक्त ८.२ टक्के कृत्रिम निघाले, ७९.५ टक्के सेल्युलोजचे आणि १२.३ टक्के प्राणिज. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी "तंतू म्हणजे प्लास्टिक" असं मोजलं तर आकडा किती पट फुगेल ते पाहा. मी तीन रकाने करते: कृत्रिम, सेल्युलोजचे, आणि ओळख न पटलेले. रंगवलेला सेल्युलोजचा तंतूही माणसाच्या कपड्यांतून आलेला आहे, रंग आणि रसायनं घेऊन आलेला आहे, म्हणून तो फेकायचा नाही. पण त्याला प्लास्टिक म्हणायचं नाही. कापूस आणि व्हिस्कोस यांचे वर्णपट इतके जवळचे असतात की समुद्रात झिजलेल्या तंतूबाबत मी त्यांना वेगळं करण्याचा दावा करत नाही.

तुमच्या हातातल्या पहिल्या फेरीचे फिल्टर टाकून देऊ नका. काचेच्या डिशमध्ये झाकून, तारीख आणि काम करणाऱ्याचं नाव घालून ठेवा. कोऱ्या फिल्टरवरचे दहा आणि नमुन्याच्या फिल्टरवरचे दहा निळे तंतू चिठ्ठी टाकून निवडा, ध्रुवित प्रकाशात आणि मग एफटीआयआरवर शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे तेच बहुवारिक, तीच जाडी, तीच छटा निघाली तर ते निळे तंतू तुमच्या खोलीतले समजा आणि नवा नमुना घेण्याआधी त्यांचं उगमस्थान शोधा: फडकं, खुर्चीचं कापड, कुणाचा तरी स्वेटर. ओला गाळ काचेच्या बरणीत, अंधारात, थंड जागी शिल्लक असेल तर किनाऱ्यावर पुन्हा जायची गरज नाही. सलग तीन कोऱ्या चाचण्यांत चार-पाचपेक्षा जास्त तंतू येत नाहीत असं दिसलं की मगच ती बरणी उघडा.